नाटकाचे परीक्षण कसे लिहावे: ठाणे आणि नवी मुंबईतील नवोदितांसाठी

नाटकाचे परीक्षण लिहू पाहणाऱ्याने सर्वांत आधी ‘प्रयोग’ हा शब्द नीट ध्यानात घ्यावा. संहिता पुस्तकरूपाने उपलब्ध असेल, तिच्यावर पूर्वी पुष्कळ लिहिले गेले असेल, त्याच नाटकाचे दोनशे प्रयोग याआधी झालेही असतील. परंतु आपण एका ठरावीक तारखेला, एका ठरावीक नाट्यगृहात, एका ठरावीक खुर्चीवर बसून जे पाहिले आणि ऐकले, तेवढ्याचीच साक्ष आपल्याला देता येते. ठाण्यात आणि वाशीला नाटके पाहून एका लहानशा स्थानिक नियतकालिकासाठी परीक्षणे लिहिताना ही गोष्ट मला उशिरा आणि काही चुका केल्यानंतर उमगली. पुढील मजकूर कामाच्या क्रमाने, म्हणजे तिकीट काढण्यापासून मजकूर संपादकांच्या हाती देईपर्यंत लिहिला आहे.

कोणता प्रयोग, कोणती खुर्ची

ठाण्यात मासुंदा तलावाकाठी १९७८ पासून उभे असलेले राम गणेश गडकरी रंगायतन, हिरानंदानी मेडोज परिसरातील डॉ. काशीनाथ घाणेकर नाट्यगृह आणि वाशीचे विष्णुदास भावे नाट्यगृह ही आपल्या भागातील नेहमीची ठिकाणे. नवे व्यावसायिक नाटक मुंबईत उभे राहिले की थोड्याच दिवसांत ते इकडे येते, आणि कित्येकदा शुभारंभाचा प्रयोगच ठाण्यात होतो. नव्या परीक्षकाला शुभारंभाचे आकर्षण असते, कारण सर्वांच्या आधी लिहून मोकळे होता येते. माझे मत मात्र असे आहे की आपल्या सुरुवातीच्या काळात शुभारंभाच्या प्रयोगावर लिहू नये. त्या दिवशी वाक्यांच्या जागा अजून पक्क्या झालेल्या नसतात, हशा कुठे येणार याचा नटांना अंदाज नसतो, त्यामुळे पुढचे वाक्य हशात बुडते, आणि प्रेक्षागृहात निम्मे लोक आप्तमित्र असतात. पाचव्या ते पंधराव्या प्रयोगाच्या दरम्यान नाटकाचे खरे रूप दिसू लागते. काही कारणाने शुभारंभावरच लिहावे लागले, तर तसे परीक्षणात स्पष्ट नमूद करावे.

कंत्राटी प्रयोगाचीही अशीच गोष्ट आहे. एखाद्या मंडळाने किंवा संस्थेने संपूर्ण प्रयोग विकत घेतलेला असतो, तेव्हा आलेला प्रेक्षक नाटकासाठी आलेला असतोच असे नाही. सत्कार, भाषणे आणि उशिरा उघडलेला पडदा यांचा नटांच्या लयीवर परिणाम होतो. असा प्रयोग अवश्य पाहावा, त्यातून प्रेक्षकाविषयी बरेच शिकायला मिळते. परंतु त्यावर परीक्षण बेतू नये.

तिकीट स्वतःच्या पैशाने काढावे. सध्या व्यावसायिक नाटकाची पुढच्या रांगांची तिकिटे साधारण ३०० ते ५०० रुपयांच्या घरात असतात आणि दर आठवड्याला हा खर्च पेलणे सर्वांना शक्य नसते, हे मला मान्य आहे. त्यामुळे निर्मात्याने पाठवलेली प्रवेशिका स्वीकारली तर त्यात गैर काही नाही, मात्र ती स्वीकारल्याचे संपादकांना सांगून ठेवावे. स्वतः तिकीट काढण्याचा दुसराही एक लाभ आहे. खिडकीवर किंवा अ‍ॅपवर खुर्ची निवडताना आपण त्याच जागी उभे असतो जिथे आपला वाचक उभा असतो: चौघांचे तिकीट, जाण्यायेण्याची रिक्षा आणि मध्यंतरातील चहापाणी धरून रविवारची संध्याकाळ या नाटकाला द्यावी की नाही, हा त्याचा प्रश्न आपलाही होतो.

खुर्ची सहाव्या ते दहाव्या रांगेतील, मधल्या बाजूची घ्यावी. पहिल्या दोन रांगांतून नटांचे चेहरे उत्तम दिसतात, परंतु रंगमंचावरील माणसांची मांडणी, कोण कोणापासून किती दूर उभे आहे, हे एका नजरेत येत नाही. वर्षातून एकदोन प्रयोग बाल्कनीतून जरूर पाहावेत. तेथून नेपथ्याचा आराखडा आणि जमिनीवर पडणारा उजेड स्पष्ट दिसतो, आणि खाली सहज ऐकू येणारे एखादे वाक्य वरपर्यंत पोहोचते की नाही हेही कळते.

घंटा होण्यापूर्वी

नाट्यगृहात किमान अर्धा तास आधी पोहोचावे. घोडबंदर रस्त्याच्या वाहतुकीत अडकून तिसऱ्या घंटेनंतर धापा टाकत आत शिरणाऱ्या परीक्षकाचा पहिला प्रसंग वाया जातो, आणि पहिल्या प्रसंगातच नाटककार पुष्कळशा गाठी मारून ठेवत असतो. ठाण्याहून वाशीला ट्रान्सहार्बर मार्गाच्या लोकलने जाणे मला रस्त्यापेक्षा भरवशाचे वाटते.

मिळालेल्या अर्ध्या तासात श्रेयनामावली टिपून घ्यावी. बाहेरच्या फलकाचे छायाचित्र काढून ठेवावे, आणि पडदा उघडण्यापूर्वी होणाऱ्या निवेदनातील नावेही लिहून घ्यावीत, कारण एखादी भूमिका त्या दिवशी दुसऱ्या कलाकाराने केलेली असू शकते आणि जुन्या जाहिरातीत त्याचा पत्ता नसतो. येथे एक बारकावा नव्या माणसाला माहीत असायला हवा. जाहिरातीत ‘सूत्रधार’ म्हणून जे नाव छापलेले असते ते रंगमंचावर येणाऱ्या सूत्रधाराचे नसते. प्रयोगांच्या तारखा, नाट्यगृहे, कलाकारांच्या वेळा आणि दौरे जुळवून आणणाऱ्या माणसाचे ते नाव असते. त्याचप्रमाणे लेखकाच्या नावाआधी ‘लेखक’ आहे, ‘रूपांतर’ आहे, ‘अनुवाद’ आहे की ‘मूळ कथा’ वेगळ्या कोणाची आहे, हे डोळ्यांत तेल घालून पाहावे. माधव मनोहर यांच्यासारखे समीक्षक मराठी नाटकाचे परदेशी मूळ नेमके ओळखण्यासाठी प्रसिद्ध होते. एवढे वाचन आपल्यापाशी नसले, तरी जे श्रेय छापलेले आहे ते तरी चुकता कामा नये.

नाटकाविषयी आधी किती वाचावे, याबद्दल दोन मते आढळतात. नवे नाटक असेल तर मी नाव आणि कलाकार यांपलीकडे काहीही वाचत नाही. इतरांची परीक्षणे तर माझा मजकूर पाठवून झाल्यानंतरच उघडते. जुन्या नाटकाचे पुनरुज्जीवन असेल तर मात्र छापील संहिता आधी वाचणे मी आवश्यक मानते. पुनरुज्जीवनात काय गाळले, काय जोडले, तीन अंकांचे दोन अंक करताना पडदा कुठे पाडला, हाच दिग्दर्शकाचा पहिला निर्णय असतो, आणि संहिता वाचली नसेल तर हा निर्णय आपल्याला दिसतच नाही.

अंधारातील टिपणे

लहान वही आणि पेन्सिल जवळ ठेवावी. मोबाइलवर टिपणे घेऊ नयेत. पडद्याचा उजेड शेजारच्या प्रेक्षकाच्याच नव्हे, तर रंगमंचावरील नटाच्याही डोळ्यांत जातो. अंधारात लिहिताना ओळी एकमेकींवर चढतात, म्हणून प्रत्येक प्रसंगासाठी नवे पान उलटावे. सुरुवातीला मी पानेच्या पाने भरत असे आणि त्या नादात रंगमंचाकडे पाहणे राहून जात असे. आता एका प्रसंगाला चार-पाच शब्दांपेक्षा अधिक लिहीत नाही, आणि ते शब्द मताचे नसावेत एवढी काळजी घेते. ‘छान’, ‘कंटाळवाणे’, ‘अप्रतिम’ असे लिहून ठेवले तर दुसऱ्या दिवशी त्यातून काहीही हाती लागत नाही.

वाशीला पाहिलेल्या एका कौटुंबिक नाटकाच्या माझ्या वहीत एक पान आहे. त्यावर फक्त ‘धाकटा, खुर्ची, बूट, शांतता’ एवढेच लिहिले आहे. पहिल्या अंकभर घरातील वडिलांच्या रिकाम्या आरामखुर्चीवर कोणीही बसत नव्हते. मोठा मुलगा तिला वळसा घालून जात होता, सून तिच्यावरची धूळ पुसून बाजूला होत होती, आणि याविषयी संहितेत एक अक्षरही उच्चारले जात नव्हते. दुसऱ्या अंकाच्या मध्यावर बाहेर जायच्या घाईत असलेला धाकटा मुलगा बुटाची नाडी बांधण्यासाठी सहज त्या खुर्चीवर टेकला, आणि इतका वेळ खोकणारे, कुजबुजणारे प्रेक्षागृह एकाएकी स्तब्ध झाले. त्या चार शब्दांवरून मला दुसऱ्या दिवशी संपूर्ण प्रसंग पुन्हा उभा करता आला, आणि वडिलांच्या मृत्यूनंतर घरात काय बदलले हे सांगण्यासाठी परीक्षणात वेगळे विवेचन करावे लागले नाही.

टिपणांत आणखी दोन गोष्टी असाव्यात. पहिला अंक किती वाजता संपला आणि दुसरा किती वाजता सुरू झाला, याची घड्याळावरची वेळ नोंदवावी; ‘दुसरा अंक लांबला आहे’ असे लिहिण्यापूर्वी तो खरोखरच लांब होता की आपल्याला तसा वाटला, हे तपासता येते. दुसरी गोष्ट हशा आणि टाळ्यांची. टाळी नेमकी कशाला पडली हे लिहून ठेवावे. लोकप्रिय नटाच्या प्रवेशाला पडणारी टाळी त्याच्या नावाला असते, अजून त्याने काही केलेले नसते. वाक्यावर पडलेली टाळी लेखकाकडे जाते. आणि वाक्य संपल्यावर क्षणभर थांबून मग आलेली टाळी बहुधा नटाची असते.

मध्यंतरात कोणाशीही नाटकाविषयी बोलू नये. बटाटावड्याच्या रांगेत उभे राहून लोक काय बोलतात ते ऐकावे, पण आपले मत सांगू नये. एकदा बोलून दाखवलेले मत दुसऱ्या अंकात आपल्यालाच बांधून टाकते.

कोणाचे श्रेय कोणाला

नव्या परीक्षकाला सर्वांत कठीण जाणारी पायरी ही आहे, म्हणून येथे जरा सविस्तर लिहिते. रंगमंचावर जे घडते त्यातील किती लेखकाचे, किती दिग्दर्शकाचे आणि किती नटाचे, हे वेगळे कसे काढावे? आपल्या तिन्ही नाट्यगृहांची नावे या बाबतीत मला नेहमी उपयोगी पडतात. वाशीचे नाट्यगृह ज्यांच्या नावाने आहे त्या विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीत ‘सीता स्वयंवर’ सादर केले, आणि ती तारीख, ५ नोव्हेंबर, आपण मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळतो. भाव्यांच्या नाटकांत सूत्रधार पदे म्हणत असे आणि पात्रे आपापली भाषणे बहुतांशी आयत्या वेळी रचून बोलत. म्हणजे छापता येईल अशी संपूर्ण संहिता हाती नसतानाही मराठी नाटक उभे राहिले होते, ते मांडणीच्या आणि सादरीकरणाच्या बळावर. ठाण्याचे रंगायतन राम गणेश गडकरींच्या नावाने आहे, ज्यांच्या नाटकांत शब्दच सर्व काही पेलतो आणि नटाला त्या शब्दांच्या मागे धावावे लागते. तिसरे नाट्यगृह डॉ. काशीनाथ घाणेकरांच्या नावाने आहे, जे दंतवैद्यकाचा व्यवसाय असूनही ओळखले गेले ते संभाजी आणि लाल्या या भूमिकांमुळे, नट म्हणून. मांडणी, शब्द आणि नट या तीन गोष्टी कोणत्याही नाटकात एकत्र असतात, परंतु त्या दिवशीचा प्रयोग यांपैकी कोणाच्या खांद्यावर उभा होता, हा प्रश्न घरी परतताना स्वतःला विचारावा.

याची चाचणी घेण्याचा माझा मार्ग साधा आहे. आवडलेला किंवा खटकलेला क्षण घ्यावा आणि विचारावे की हा परिणाम वाक्यात होता की वाक्याबाहेर? तेच वाक्य कागदावर वाचले तरी परिणाम होईल असे वाटले तर श्रेय लेखकाचे. वाक्य साधेच होते, परंतु बोलणाऱ्याने पाठ फिरवलेली होती आणि ऐकणारा उजेडात होता, तर ती मांडणी आहे आणि तेथे दिग्दर्शकाचा हात असण्याची शक्यता अधिक. वाक्यही साधे, मांडणीही साधी, आणि तरीही शब्दाच्या उच्चारात, श्वासात किंवा हाताच्या हालचालीत काही वेगळे घडले, तर तो अभिनय. भरताच्या नाट्यशास्त्रात अभिनयाचे आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे चार प्रकार सांगितले आहेत. ही नावे परीक्षणात वापरण्याची गरज नाही, पण नटाने शरीराने काय केले, आवाजाने काय केले, वेशभूषा आणि रंगभूषेने त्याला काय दिले आणि आतून काय आले, अशा चार प्रश्नांची यादी म्हणून ती मनात असावी.

ही चाचणीही फसू शकते. ठाण्यातील एका प्रयोगात, आपणच ते पत्र फाडल्याची कबुली देण्यापूर्वी वडिलांची भूमिका करणारे ज्येष्ठ नट बराच वेळ गप्प राहिले. ती शांतता इतकी ताणलेली होती की माझ्या पुढच्या रांगेतील बाई खुर्चीत पुढे सरकून बसल्या. मी परीक्षणात या विरामाबद्दल दिग्दर्शकाची तोंडभरून स्तुती केली. महिन्याभराने तेच नाटक पुन्हा पाहिले तेव्हा ते वाक्य लगेच आले. संबंधित संस्थेतील एका परिचिताने सांगितले की त्या दिवशी त्यांना वाक्य आठवत नव्हते. मी पाहिलेली शांतता खरी होती, तिचा परिणामही खरा होता. चूक झाली ती मी माहिती नसताना तिचे श्रेय एका व्यक्तीच्या नावावर टाकले ही. तेव्हापासून खात्री नसेल तर मी ‘त्या प्रयोगात असे झाले’ एवढेच लिहिते, आणि ज्या क्षणावर माझे परीक्षण तोललेले आहे तो क्षण शक्य असल्यास दुसऱ्यांदा पाहून घेते.

तंत्राच्या बाजूंविषयी लिहिताना तर ही सावधगिरी आणखी हवी. आपल्याकडे व्यावसायिक नाटक टेम्पोतून गावोगाव फिरते. नेपथ्याची फ्लॅट्स, म्हणजे भिंतींसारख्या उभ्या केलेल्या चौकटी, सुटी होऊन गाडीत मावावी लागतात, आणि रविवारी त्याच रंगमंचावर सकाळी बालनाट्य, दुपारी एक नाटक व रात्री दुसरे असेल तर सामान उतरवून, नेपथ्य उभे करून, दिवे लावून, ध्वनी तपासून पडदा उघडण्यासाठी पडद्यामागच्या लोकांच्या हाती मोजकाच वेळ असतो. त्यामुळे एकाच नाटकाची प्रकाशयोजना गडकरीत आणि भाव्यांत तंतोतंत सारखी दिसणार नाही. एखाद्या पात्राचा चेहरा अंधारात राहिला तर तो मूळ रचनेतील दोष आहे, त्या दिवशी दिवा हलला होता, की नट आपल्या ठरलेल्या जागी उभा राहिला नाही, हे एका प्रयोगावरून ठरवता येत नाही. चेहरा सबंध प्रसंगभर अंधारात असेल आणि तसे असण्याला कथेत काही कारण दिसत नसेल, तर तेवढे लिहावे. ‘प्रकाशयोजनाकार अपयशी’ असे लिहू नये. ध्वनीचेही तसेच. नाट्यगृह बदलले, माइकची जागा बदलली, की तोच आवाज बदलतो, म्हणून आपण कोठे बसलो होतो याचा उल्लेख करूनच ऐकू न आल्याची तक्रार लिहावी.

उलट बाजूने, तंत्राने केलेले काम दिसत असताना त्याकडे दुर्लक्ष करणे हा मोठा अन्याय आहे. मराठी परीक्षणांच्या शेवटी एक वाक्य ठरून गेलेले असते: ‘नेपथ्य साजेसे, प्रकाशयोजना पूरक आणि पार्श्वसंगीत अनुरूप आहे.’ हे वाक्य कोणत्याही नाटकाला चालते, याचाच अर्थ ते कोणत्याच नाटकाविषयी काही सांगत नाही. मी पाहिलेल्या एका प्रयोगात मध्यरात्रीचा प्रसंग होता. बैठकीच्या खोलीत काळोख होता आणि स्वयंपाकघराच्या अर्धवट लोटलेल्या दारातून पिवळ्या उजेडाची एक पट्टी जमिनीवर पडली होती. पाणी पिण्यासाठी उठलेले सासरे ती पट्टी ओलांडताना थबकले, आणि आत सून जागी बसली आहे हे त्यांना व आपल्याला एकाच क्षणी कळले. दोघांपैकी कोणीही बोलले नाही. हे दोन वाक्यांत लिहिले की प्रकाशयोजना पूरक होती असे वेगळे सांगावे लागत नाही, आणि ज्या माणसाने तो दिवा तेथे लावला त्याला आपले काम पाहिले गेल्याचे समजते. नेपथ्याबाबतही प्रश्न एकच असतो: ते कथेचे कोणते काम करते? १९६२ मध्ये रंगमंचावर आलेल्या ‘तो मी नव्हेच’ या नाटकाचा फिरता रंगमंच लोकांच्या लक्षात राहिला, तो न्यायालय आणि आरोपीची निरनिराळी रूपे यांच्यात झरझर ये-जा करण्याची त्या नाटकाची गरज त्याने भागवली म्हणून.

लिहायला बसल्यावर

घरी पोहोचल्यावर त्याच रात्री, कितीही उशीर झालेला असो, आठवेल तसे सर्व कागदावर उतरवावे. क्रम, भाषा, शुद्धलेखन यांची पर्वा करू नये. परीक्षण मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी लिहावे, आणि लिहिण्याआधी एका वाक्यात स्वतःला सांगावे की या प्रयोगाविषयी मला नेमके काय म्हणायचे आहे. ते वाक्य जमत नसेल तर लिहिण्याची घाई करू नये. वही पुन्हा वाचावी.

सहाशे ते आठशे शब्दांचे परीक्षण बहुतेक ठिकाणी पुरेसे असते. त्यात कथानकाला चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त जागा देऊ नये आणि मध्यंतरापलीकडची कथा सांगू नये. रहस्यनाट्य असेल तर मध्यंतराच्या आधीच थांबावे लागते. सुरुवात कथेने करण्याऐवजी आपल्या वहीतील सर्वांत ठळक क्षणाने करावी, कारण वाचक त्या क्षणापाशी थांबला की पुढचे विवेचनही वाचतो. तारीख, नाट्यगृह आणि लेखक-दिग्दर्शकांची नावे पहिल्या दोन परिच्छेदांत यावीत.

प्रत्येक मतापाठोपाठ रंगमंचावरील पुरावा द्यावा, हा एकच नियम मी स्वतःला घालून घेतला आहे. ‘नायिकेचा अभिनय संयत होता’ असे लिहिले की लगेच विचारावे, कशावरून? नवऱ्याच्या बदलीची बातमी ऐकल्यावर तिने कपड्यांच्या घड्या घालणे थांबवले नाही, फक्त एकच सदरा तीनदा उलगडून पुन्हा घडी केली, असे आठवत असेल तर ‘संयत’ हा शब्द खोडून टाकता येतो. काहीच आठवत नसेल, तर ते मत आपले नाही. कोठेतरी वाचलेला शब्द हाताशी आला म्हणून वापरला गेला आहे.

दोष दाखवताना तीन गोष्टी क्रमाने लिहाव्यात: नाटक काय साधू पाहत होते, प्रत्यक्षात काय घडले आणि ते कोठे निसटले. यातील पहिली गोष्ट गाळली की टीका उपहासाच्या अंगाने जाते. प्रेक्षक हसले आणि आपल्याला हसू आले नाही, तर दोन्ही लिहावे. एका विनोदी नाटकात पात्राच्या अडखळत बोलण्यावर वारंवार विनोद केले जात होते आणि प्रेक्षागृह खळखळून हसत होते. मी तो हशा नोंदवला, आणि पाचव्यांदा तोच विनोद आला तेव्हा त्या पात्राची व्यथा सांगणारा शेवटचा प्रसंग आधीच पोकळ होऊन गेला होता, असे लिहिले. वाचकाला दोन्ही माहीत असल्याने त्याला स्वतःचा निर्णय घेता येतो. नटाच्या वयावर, शरीरयष्टीवर किंवा खासगी आयुष्यावर एक शब्दही लिहू नये. भूमिकेसाठी निवड चुकली असे वाटले तर भूमिकेला काय हवे होते ते सांगावे.

हौशी नाटकांना वेगळी फूटपट्टी लावावी का, हा प्रश्न दरवर्षी राज्य नाट्य स्पर्धेच्या केंद्रांवर प्राथमिक फेरी पाहताना माझ्यासमोर उभा राहतो. दिवसभर नोकरी करून रात्री उशिरापर्यंत तालमी करणाऱ्या मंडळींकडे व्यावसायिक संस्थेचे नेपथ्य किंवा वेशभूषा नसते, आणि त्याची अपेक्षा करणे चुकीचे आहे. परंतु पाठांतर, स्पष्ट उच्चार, विषयाची समज आणि सहकलाकाराचे बोलणे खरोखर ऐकणे यांना पैसे लागत नाहीत. तेथे मी सवलत देत नाही, आणि माझ्या अनुभवाने हौशी कलाकारांनाही ती नको असते. कौतुकाच्या चार गुळगुळीत शब्दांपेक्षा कोणीतरी लक्ष देऊन पाहिले याचे त्यांना अधिक समाधान वाटते. नव्या परीक्षकाने सुरुवात येथूनच करावी असे मी सुचवेन. स्पर्धेत काही दिवसांत अनेक नाटके ओळीने पाहायला मिळतात, आणि ठाण्यातील अभिनय कट्ट्यासारख्या ठिकाणी छोटे आविष्कार जवळून पाहता येतात. पहिली आठ-दहा परीक्षणे केवळ स्वतःसाठी लिहावीत आणि महिन्याने वाचावीत; त्यातील कोणती वाक्ये दुसऱ्या नाटकालाही चालली असती, ती तांबड्या शाईने अधोरेखित करावीत.

मजकूर देण्यापूर्वी

सर्व नावे फलकाच्या छायाचित्राशी ताडून पाहावीत. नाटकातील एक-दोन वाक्ये उद्धृत करण्यास हरकत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये समीक्षेसाठी अशा वाजवी वापराला मुभा आहे. मात्र प्रयोगाचे ध्वनिमुद्रण किंवा चित्रीकरण कधीही करू नये, आणि छायाचित्रे निर्मात्यांकडूनच मागवावीत.

ठाण्यातील नाट्यवर्तुळ लहान आहे. ज्यांच्याविषयी लिहिले ती माणसे आठवड्याभरात तलावपाळीवर किंवा पुढच्या प्रयोगाला समोर येतातच, आणि काही काळाने त्यांच्यापैकी काही जण मित्रही होतात. जवळच्या मित्राच्या किंवा नातलगाच्या नाटकावर लिहू नये. लिहिणे टाळता आलेच नाही तर नाते मजकुरातच सांगावे. छापण्यापूर्वी परीक्षण निर्मात्याला किंवा दिग्दर्शकाला वाचायला देऊ नये, परंतु एखाद्या तपशिलाची खातरजमा करण्यासाठी फोन करण्यात काहीच कमीपणा नाही. छापून आल्यावर वस्तुस्थितीची चूक कोणी दाखवली तर ती पुढच्या अंकात स्वतःच्या नावाने दुरुस्त करावी. मताबद्दल कोणी रागावले तर शांतपणे ऐकून घ्यावे. विरामाच्या त्या प्रकरणात मला ज्या परिचिताने खरे काय ते सांगितले, तो मुळात माझ्या दुसऱ्याच एका परीक्षणावर नाराज होऊन बोलायला आला होता.

त्या दिवसाचे तिकीट वहीतील त्या नाटकाच्या पानांना टाचणीने लावून ठेवावे आणि त्यावर प्रयोगाचा क्रमांक माहीत असल्यास लिहावा. सहा-आठ महिन्यांनी तेच नाटक पन्नासाव्या किंवा शंभराव्या प्रयोगासाठी पुन्हा रंगायतनला किंवा वाशीला लागले, तर ती पाने सोबत घेऊन, या वेळी बाल्कनीचे तिकीट काढून, ते पुन्हा पाहावे.